पाच फूट चार

मागच्या शनिवारी जुना लॅपटॉप मावसभावाला द्यायचा म्हणून साफ करत बसलो होतो. डाउनलोड्सच्या कचऱ्यात 'बाबा_फायनल_फायनल२' नावाची एक एक्सेल शीट सापडली. उघडावी की नको असा पाच मिनिटं विचार केला, उठून चहा करून आलो, आणि उघडली.

एप्रिल २०२१. पुण्यात दुसरी लाट जोरात होती. मी नोकरीला लागून जेमतेम दहा महिने झाले होते, ऑफिस म्हणजे आमच्या घरातलं डायनिंग टेबल. बाबा आयसीयूत आणि आत कुणालाच प्रवेश नाही. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास डॉक्टर मॅडमचा फोन यायचा, तीन-चार मिनिटांचा. त्यात त्या जे आकडे सांगतील ते मी पटापटा लिहून घ्यायचो आणि मग शीटमधे टाकायचो. इंजिनियर माणूस दुसरं काय करणार? रडायला येत नसेल तर ग्राफ काढायचा. कंडिशनल फॉरमॅटिंग पण केलं होतं, तीनशेच्या वर हिरवा, दोनशेपर्यंत पिवळा, शंभरपर्यंत केशरी, त्याखाली लाल. पहिल्या पाच दिवसांच्या ओळी लालभडक आहेत.

हे तीनशे-दोनशे-शंभर काय प्रकरण आहे ते आधी सांगतो. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब किती आहे ते मोजायचं आणि रुग्ण जी हवा ओढतोय तिच्यात ऑक्सिजनचं प्रमाण किती आहे त्याने भागायचं. तुम्ही-आम्ही साध्या हवेत बसलोय, म्हणजे २१ टक्के, ०.२१. रक्तातला दाब साधारण ९५. भागाकार साडेचारशेच्या आसपास. बाबांना व्हेंटिलेटरवर घेतलं त्या रात्री मशीन ८० टक्के ऑक्सिजन देत होतं आणि रक्तातला दाब होता ५८. भागून बघा. ७२.

विषाणूचा न्यूमोनिया वाढला की फुफ्फुसातल्या बारीक वायुकोशांच्या भिंती सुजतात, गळायला लागतात. आत हवेच्या जागी पाणी भरतं, काही कोश मिटूनच जातात. रक्त शेजारून वाहत जातं, पण घ्यायला हवाच नाही. दोन्ही फुफ्फुसांत हे झालं की त्याला एआरडीएस म्हणतात. ही अवस्था मोठ्या माणसांमधे पहिल्यांदा नीट ओळखली ती १९६७ साली अमेरिकेत, डेन्व्हरच्या डॉक्टरांनी. 'लॅन्सेट'मधे छापलेल्या त्यांच्या लेखात फक्त बारा रुग्ण होते. काही अपघातात जबर मार लागलेले, काही विषाणूच्या न्यूमोनियाचे, एकाला स्वादुपिंडाची सूज. कारणं वेगवेगळी, पण फुफ्फुसं दिसायला आणि वागायला सारखी. बारापैकी सात वाचले नाहीत.

पुढे १९९४ मधे अमेरिकन आणि युरोपियन तज्ज्ञांनी बसून रेषा आखली, भागाकार दोनशेच्या खाली तर एआरडीएस. मग २०१२ साली बर्लिन व्याख्या आली. तिने तीन पायऱ्या केल्या: ३०० ते २०० सौम्य, २०० ते १०० मध्यम, १०० आणि खाली तीव्र. ही व्याख्या ज्या रुग्णांवर तपासली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे २७, ३२ आणि ४५ टक्के होतं. हे आकडे मी त्या पहिल्या रात्री अडीच वाजता वाचले. शक्यतो वाचू नका. पण तुम्ही वाचणारच, मला माहितीये.

आता आम्ही सॉफ्टवेअरवाले सेव्हरिटीच्या बाबतीत फार निर्ढावलेले लोक. सेव्ह-वन, सेव्ह-टू लावणं हा आमच्याकडे अर्धा राजकारणाचा भाग असतो. त्यामुळे मला आधी यातल्या त्रुटीच दिसल्या. उदाहरणार्थ, व्हेंटिलेटरवर पीप नावाची एक सेटिंग असते. श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब ठेवायचा, म्हणजे कोश मिटत नाहीत. ती वाढवली की बऱ्याचदा भागाकार सुधारतो. म्हणजे तोच रुग्ण, तेच फुफ्फुस, आणि नुसतं बटण फिरवल्यावर 'तीव्र'चा 'मध्यम' होऊ शकतो! दुसरी गंमत त्याहून कडू आहे. बर्लिन व्याख्येत किमान पाचचा पीप असणं ही अट होती, म्हणजे जवळपास मशीन लागलेलंच हवं. ज्या गावात व्हेंटिलेटर नाही, रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र नाही, तिथे व्याख्येप्रमाणे हा आजारच नाही. रुग्ण मरतोय, पण रकान्यात बसत नाही. रवांडातल्या किगालीच्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी २०१६ मधे हेच दाखवून दिलं. त्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि फुफ्फुसाची सोनोग्राफी वापरून रुग्ण मोजले आणि पीपची अट काढून टाकली. कोविडनंतर, २०२४ मधे छापल्या गेलेल्या नव्या जागतिक व्याख्येत या गोष्टी आल्या. नाकातून मिनिटाला तीस लिटर किंवा त्याहून जास्त वेगाने ऑक्सिजन घेणारा रुग्णही आता तिच्यात बसतो.

बाबा पहिले दोन दिवस असेच नाकातल्या हाय फ्लोवर होते. मिनिटाला साठ लिटर. तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे त्या दोन दिवसांत त्यांना एआरडीएस नव्हता. त्यांचा व्हिडिओ कॉल आला होता, एका वाक्यात तीन वेळा थांबून त्यांनी विचारलं, "गॅसचं... बुकिंग... केलं का?"

असं सगळं असूनही मी रेषा आखण्याच्या विरुद्ध नाही. २०१६ मधे पन्नास देशांतल्या ४५९ आयसीयूंची पाहणी छापून आली. त्यात असं दिसलं, की ज्यांना खरोखर एआरडीएस होता त्या दर दहांपैकी चौघांच्या बाबतीत डॉक्टरांनी तो ओळखलाच नव्हता. नाव दिलं नाही की त्या नावाखाली ठरलेले उपचारही होत नाहीत. तिकीटच लॉग झालं नाही तर फिक्स कोण करणार?

असो. तर तिसऱ्या रात्री पावणेबाराला फोन आला. "आता नळी घालावी लागेल. श्वासाचा वेग चाळीसच्या पुढे गेलाय, थकलेत ते." मी हो म्हटलं. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

"उंची किती आहे हो त्यांची?"

मी ठामपणे सांगितलं, पाच फूट सात इंच. लहानपणापासून हेच ऐकलेलं. फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. वजन विचारलं असतं तर समजू शकतो, औषधाचा डोस वगैरे. उंची कशाला? (मनात एक घाणेरडी शंका पण येऊन गेली. ती इथे लिहीत नाही.)

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही १७० सेंटीमीटर सांगितलं होतं. सिस्टरनी सकाळी टेप लावून मोजली, १६३ भरली. म्हणून आम्ही व्हॉल्यूम कमी केलाय."

मी आईला विचारलं. ती देवापाशी बसली होती. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पाच चार. लग्नाच्या बायोडेटात सात लिहिलं होतं. मी पाच तीन आहे, पोहे घेऊन बाहेर आले तेव्हाच कळलं होतं मला."

तीस वर्षं ही बाई गप्प बसली होती!

आता उंचीचं गणित. फुफ्फुसाचा आकार माणसाच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतो. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. बाबांचं वजन होतं ८४ किलो, त्याचा इथे काही उपयोग नाही. म्हणून उंचीवरून एक अंदाजी वजन काढतात. पुरुषासाठी सेंटीमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा, ५० मिळवा. बाईसाठी पन्नासच्या जागी ४५.५. जे येईल त्याच्या दर किलोला साधारण सहा मिलीलिटर, एवढी हवा एका श्वासात द्यायची. माझ्या १७० वरून येतात ६६ किलो, म्हणजे एका श्वासाला सुमारे ४०० मिली. टेपच्या १६३ वरून साधारण ६० किलो, म्हणजे ३६० मिली.

फरक चाळीस मिलीचा. अर्धा कटिंग चहासुद्धा नाही. पण मशीन मिनिटाला तीस श्वास देत होतं. दिवसाचे झाले ४३,२००. म्हणजे लग्न जमावं म्हणून वाढवलेल्या तीन इंचांपोटी रोज सतराशे लिटर जास्तीची हवा त्या सुजलेल्या फुफ्फुसांत गेली असती. आमच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या पावणेदोन टाक्या. आणि हे फक्त आमच्याच घरातलं नाटक नाही. उंची न मोजता नुसती नजरेने ठरवल्यामुळे बुटक्या रुग्णांना, त्यातही बायकांना, गरजेपेक्षा जास्त हवा दिली जाते हे बऱ्याच आयसीयूंत दिसून आलेलं आहे.

जास्त हवेने बिघडतं काय? मलाही तोपर्यंत वाटायचं की श्वास लागतोय तर भरपूर हवा द्या की! व्हेंटिलेटरचा इतिहासही तसाच आहे. १९५२ मधे कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा भूल देणारे डॉक्टर ब्योर्न इब्सेन यांनी मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबून श्वास द्यायची पद्धत आणली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे फुगे दाबत होते. पण त्या मुलांची फुफ्फुसं मुळात बऱ्यापैकी धड होती, लुळे पडले होते ते स्नायू. इथे भाता शाबूत आणि फुफ्फुसच नासलेलं. इटलीच्या लुचानो गॅतिनोनी यांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांचे सीटी स्कॅन काढून पाहिले, तर फुफ्फुसाचा बराचसा भाग हवेला बंदच होता. उघडा उरलेला भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढा. त्यांनी त्याला नावच दिलं, 'बेबी लंग'. म्हणजे मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास दिला तर तो सगळाच्या सगळा त्या लहानशा भागात घुसतो. तो ताणतो, फाटतो, सुजतो, आणि मग तोही बंद पडतो. यंत्र जगवतानाच इजा करत असतं.

(याच गॅतिनोनींनी २०२० मधे मांडलं की कोविडच्या न्यूमोनियाचे दोन प्रकार करावेत, मऊ फुफ्फुसाचा 'एल' आणि कडक फुफ्फुसाचा 'एच', आणि दोघांना वेगवेगळं चालवावं. त्यावर भरपूर वाद झाला. पुढे जमलेल्या मोजमापांत बहुतेकांना कोविडची फुफ्फुसं जुन्या एआरडीएसच्या फुफ्फुसांसारखीच दिसली. मॅडम म्हणाल्या, "आम्ही जुनंच पुस्तक वापरतोय.")

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती संध्याकाळ. शीटमधली सातवी ओळ. त्या दिवशी मॅडमनी व्हॉल्यूम ३६० वरून ३०० वर आणला होता. कारण श्वास भरल्यावर क्षणभर थांबवून फुफ्फुसातला जो दाब मोजतात, प्लॅटो प्रेशर, तो ३० च्या आत ठेवायचा असतो, आणि बाबांचा ३३ येत होता. कमी केल्यावर तो २९ झाला. पण बाकीचे आकडे सगळे घसरले. सॅच्युरेशन ९४ वरून ८९. कार्बन डायऑक्साइड ४६ वरून ६१. रक्ताची आम्लता वाढलेली. भागाकार ८१ वरून ७४.

माझा ताबा सुटला. मी अक्षरशः ओरडलो, "मॅडम, तुम्ही बदललं आणि सगळं खाली गेलंय! परत वाढवा ना मग! काल ९४ होतं!" शिवाय दुपारीच एका काकांनी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं की त्यांच्या ओळखीत कुणाचंतरी ९८ ठेवलंय.

पलीकडे दोन सेकंद शांतता. पीपीईतून बोलताना आवाज घुमतो, तसा आवाज आला. "हे बघा, मी आत्ता वाढवलं तर रात्री तुम्हाला छान आकडे मिळतील. ९५ करून देऊ शकते मी. पण चार दिवसांनी फुफ्फुस उरणार नाही. ८८ च्या वर मला चालतं. आकडे थोडे बिघडू देत."

मी फोन ठेवला, थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आणि मग रात्रभर शोधत बसलो, त्या चुकतायत हे सिद्ध करायला. सापडला तो २००० साली छापलेला अमेरिकेतला एआरडीएस नेटवर्कचा प्रयोग. ८६१ रुग्ण. अर्ध्यांना तेव्हाच्या पद्धतीने किलोला १२ मिली, अर्ध्यांना ६. जास्तवाल्या गटात ३९.८ टक्के दगावले, कमीवाल्या गटात ३१. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्याआधीच थांबवला. पण मी अडकलो ते एका तक्त्यापाशी. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनचा भागाकार कुणाचा चांगला होता? १२ मिलीवाल्यांचा! जे जास्त संख्येने मरणार होते त्यांचे आकडे सुरुवातीला जास्त छान दिसत होते. कुणी माझ्यासारखी शीट करून तिसऱ्या दिवशी निकाल लावला असता तर चुकीची पद्धत जिंकली असती.

ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली असेल. आमच्या टीममधे तेव्हा एक सर्व्हिस होती, तिची मेमरी गळायची. कुणीतरी दर तासाला आपोआप रीस्टार्टची स्क्रिप्ट लावून ठेवलेली. डॅशबोर्ड कायम हिरवा, मॅनेजर खूश, आणि एका शुक्रवारी रात्री सगळंच बसलं. तेव्हा आम्ही हसलो होतो. त्या रात्री हसू आलं नाही. मी एवढे दिवस आयसीयूतल्या माणसाकडून हिरवा डॅशबोर्ड मागत होतो.

दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणणार होतो, पण मॅडमना घाई होती. "आज पालथं घालतोय," एवढंच बोलल्या.

पालथं घालणं ऐकायला किरकोळ वाटतं. उताणं झोपल्यावर पाठीकडचं फुफ्फुस हृदयाच्या आणि सूजेच्या वजनाखाली दबून मिटतं. पालथं केलं की ते उघडतं आणि श्वासाचा ताण सगळीकडे जास्त सारखा वाटला जातो. फ्रान्समधल्या क्लोद गेरें यांच्या गटाने २०१३ मधे ४६६ रुग्णांवर हे करून दाखवलं. भागाकार दीडशेखाली असलेले रुग्ण रोज सलग किमान सोळा तास पालथे ठेवले. अठ्ठावीस दिवसांत उताण्यांतले ३२.८ टक्के गेले, पालथ्यांतले १६ टक्के. नवीन औषध नाही, पेटंट नाही. लागतात ती माणसं. ८४ किलोचा बेशुद्ध देह, तोंडात नळी, मानेत आणि मनगटात सुया, आणि हे सगळं न निसटू देता उलटा करायचा. एकाने नुसतं डोकं आणि नळी धरायची, बाकी चौघांनी अंग. तेही पीपीई घालून, एप्रिलमधे. एका वॉर्डबॉयने मला नंतर सांगितलं, त्या आठवड्यात त्यांनी रोज नऊ-नऊ पेशंट असे उलटे आणि सुलटे केले.

शीटमधली नववी ओळ केशरी आहे. ऑक्सिजन ५० टक्के, दाब ७६, भागाकार १५२. पुन्हा उताणे केल्यावर ११०. पुन्हा पालथे, १६५. असं पाच दिवस. डेक्सामेथासोन वगैरे चालूच होतं, त्याबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांना तोंडपाठ झालंय.

हॉस्पिटलच्या पार्किंगमधे माझ्यासारखाच एक मुलगा रोज फोनची वाट बघत उभा असायचा. त्याची आई आत. ती पण पालथी, तिचाही व्हॉल्यूम उंची मोजून लावलेला, तेच डॉक्टर, तीच माणसं. आम्ही भागाकार एकमेकांना सांगायचो, दहावीचे मार्क सांगतात तसे. त्याच्या आईचा माझ्या बाबांपेक्षा वीस-पंचवीसने कायम जास्त. बाराव्या दिवशी ती गेली. त्याने मला विचारलं, "तुझे किती आज?" मी खोटं सांगितलं, कमी करून.

सोळाव्या दिवशी नळी निघाली. बाबा घरी आले तेव्हा वजन ६७ आणि उजव्या गालावर, पालथं झोपून झोपून, रुपयाएवढा काळा डाग. जिना चढायला दोन महिने लागले. डाग अजून आहे. कुणी विचारलं की ते सांगतात, "उशीला सोळा सोळा तास गाल लावून झोपलोय मी, नवाबासारखा."

शीट मी डिलीट केली नाही, नव्या लॅपटॉपवर घेतली. रंग मात्र काढून टाकले.

आणि हो, परवा विम्याचा फॉर्म भरायला बसलो होतो. उंचीचा रकाना आला. बाबांनी पेन घेतलं, 'पाच फूट' लिहिलं, आणि पुढचा आकडा लिहायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आई तिथेच उभी होती.